आधी गिऱ्हाईक, मग धुराडं: नाशिकच्या उद्योगांत कार्बन पकडून वापरायची आखणी

अंबडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. तीन वर्षांपूर्वी संघटनेच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "आपल्या पट्ट्यात ते कार्बन कॅप्चरचं काही करता येतं का बघा." मी तेव्हा शेजाऱ्याशी गप्पा मारत होतो, त्यामुळे नाही म्हणायचं राहून गेलं. असा मी उपसमितीत आलो. पहिले आठ महिने आम्ही यंत्र विकणाऱ्यांची सादरीकरणं बघण्यात घालवले. चहा भरपूर झाला, हाती काही लागलं नाही. प्रश्नच उलटा धरला होता. धुराड्यातून किती पकडता येईल, हे आम्ही सगळ्यांना विचारत होतो. पकडलेलं घेणार कोण, हे कोणालाच विचारलं नव्हतं.

हेच काम आता तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आमचे आठ महिने तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१. पल्ला ठरवा

कार्बन डायऑक्साइड (बोलताना आम्ही नुसतं सीओटू म्हणतो) पकडून जमिनीत गाडणं वेगळं आणि पकडून कामाला लावणं वेगळं. बैठकीत हमखास कोणीतरी आइसलँडचं उदाहरण देतो. तिथे पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त खडकातच खनिज होऊन बसला. आपल्या पायाखालीही दख्खनचा काळा कातळच आहे, त्यामुळे डोळे चमकतात. पण ते भूगर्भशास्त्रज्ञांचं आणि सरकारचं काम आहे, औद्योगिक वसाहतीच्या उपसमितीचं नाही. विषय तिथेच थांबवा.

एकलहऱ्याचं औष्णिक केंद्रही पहिल्या यादीत घेऊ नका. तिथले संच २१० मेगावॉटचे आहेत. एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर सुमारे ५० लाख युनिट वीज होते आणि कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो धरला तर दिवसाला ५,००० टन वायू बाहेर पडतो. वायूचा मोठा टँकर १५ ते २० टनांचा असतो. म्हणजे एका संचासाठी रोज अडीचशे टँकर! इतका वायू घेणारं आपल्या जिल्ह्यात कोणी नाही. सगळ्यात मोठं धुराडं दिसतं म्हणून तिथून सुरुवात करायचा मोह होतो, तो टाळा.

देशात काय चाललंय याची माहिती मात्र हवी. तुतिकोरीनच्या सोडा ॲशच्या कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला सुमारे ६०,००० टन पकडण्याच्या क्षमतेची यंत्रणा आहे. टाटा स्टीलने २०२१ मध्ये जमशेदपूरला दिवसाला ५ टनांचा प्रकल्प सुरू केला. एनटीपीसीचा विंध्याचलचा प्रकल्प दिवसाला २० टनांचा आहे. नीती आयोगाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये या विषयावरचा धोरण-आराखडा काढला. आयआयटी मुंबईत यासाठीचं राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रही आहे. आपल्याला उपयोगाचा धडा तुतिकोरीनचा आहे. तिथे पकडलेला वायू ज्या मालात जातो, तो माल त्याच आवारात तयार होतो.

२. गिऱ्हाइकांची यादी करा

महिनाभर फक्त एवढंच करा. वसाहतीत फिरा आणि कोण सीओटू विकत घेतं, किती, कोणत्या दर्जाचा, वर्षभर की ठरावीक महिन्यांत, हे विचारा. आम्हाला सापडलेले घेणारे असे.

वेल्डिंगवाले. अंबड-सातपूरला वाहनांचे सुटे भाग आणि फॅब्रिकेशन करणारी युनिटं भरपूर आहेत. तिथे शुद्ध सीओटू किंवा आर्गॉनमध्ये मिसळलेला सीओटू लागतो. मागणी बारमाही असते. एकच अट, वायू कोरडा हवा. ओल राहिली की जोडात बारीक छिद्रं पडतात आणि माल परत येतो.

फाउंड्रीवाले. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून त्यातून सीओटू सोडला की साचा आणि कोअर (ओतकामात पोकळी राहावी म्हणून ठेवायचा वाळूचा गाभा) काही सेकंदांत कडक होतात. इथे खाद्यदर्जाची गरज नसते. एका फाउंड्रीचे फोरमन काका मला म्हणाले, "भाऊ, वायू उसाचा का दगडाचा, मला काय करायचंय? कोअर मोडला नाही पाहिजे." गिऱ्हाईक असंच बोलतं, आणि त्याचं ऐकायचं असतं.

शीतपेयं, खाद्यपदार्थ आणि ड्राय आइस. इथे दर चांगला मिळतो, पण दर्जाही कडक लागतो. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो. औषधांच्या आणि नाशवंत मालाच्या वाहतुकीला तो लागतो.

सांडपाणी. हा घेणारा आम्हाला सगळ्यात उशिरा सुचला आणि सगळ्यात सोपा निघाला. बाटल्या धुणं किंवा कापडावरची प्रक्रिया यांचं सांडपाणी कॉस्टिकमुळे अल्कधर्मी असतं. ते उदासीन करायला सल्फ्युरिक ॲसिड घालतात. त्याऐवजी सीओटू सोडला तर पाण्यात सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं. हात चुकून जास्त पडला तरी पाणी एकदम तीव्र आम्लधर्मी होत नाही आणि ॲसिडचे कॅन हाताळायला लागत नाहीत. शिवाय वायू फार शुद्ध नसला तरी चालतो. धूळ काढलेला बॉयलरचा धूरही वापरता येतो.

पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे ठोकळे. बंद खोलीत ताज्या ठोकळ्यांवर सीओटू सोडला की सिमेंटमधल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं. वरच्या बहुतेक वापरांत वायू आज ना उद्या हवेत परत जातो. इथे तो दगड होऊन राहतो. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या ठोकळेवाल्यांना मान वर करायला फुरसत नाही, पण प्रयोगासाठी एक खोली द्यायला एखादा तयार होतो. लोखंडी सळई असलेल्या मालावर मात्र हा प्रयोग करू नका. कार्बोनेट होताना काँक्रीटचा अल्कधर्मीपणा उतरतो आणि सळई गंजायला मोकळी होते.

आता ज्यात आम्ही फसलो ते सांगतो, पॉलीहाउस. मोहाडी, जानोरीकडे पॉलीहाउस बघितली की वाटतं, रोपांना सीओटू दिला तर उत्पादन वाढेल. युरोपातल्या बंद काचघरांत ८०० ते १,००० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) वाढवून तसं करतातही. आपल्याकडचे बहुतेक पॉलीहाउस मात्र नैसर्गिक हवेवर चालतात. दिवसा ऊन वाढलं की बाजूचे पडदे वर जातात, आणि रोपाला वायू हवा असतो तोही दिवसाच. एका शेतकरी दादांनी हे आम्हाला पडदा गुंडाळता गुंडाळता दोन वाक्यांत सांगितलं. आमच्या आराखड्यातली चार पानं तिथेच गेली.

यादी करताना एककांचा गोंधळ टाळा. कोणी सिलिंडरमध्ये सांगतं, कोणी किलोत, कोणी घनमीटरमध्ये. सगळं किलोत आणा. साध्या दाबाला आणि २५ अंश तापमानाला एक घनमीटर सीओटू साधारण १.८ किलो भरतो.

३. स्रोत शोधा, स्वच्छ ते आधी

धुरात सीओटू किती टक्के आहे, यावर सगळा खर्च ठरतो. कोळशाच्या बॉयलरच्या धुरात तो साधारण १० ते १५ टक्के असतो, गॅसच्या बॉयलरमध्ये त्याहून कमी. बाकी सगळा नायट्रोजन, पाण्याची वाफ, धूळ. उलट आंबवण्याच्या टाकीतून निघणारा वायू पाण्याचा अंश सोडला तर जवळजवळ शुद्ध सीओटू असतो. वेगळा काढायचं मुख्य काम यीस्टने फुकटात केलेलं असतं.

इथे नाशिकचं नशीब जोरावर आहे. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं आणि ऊस, म्हणजे वायनरी, साखर कारखाने आणि डिस्टिलरी. घेणारे अंबड, सातपूर, सिन्नरला. मधलं अंतर टँकरला तासा-दीड तासाचं.

वायनरीवर फार भिस्त ठेवू नका. हिशोब असा: साखरेचं अल्कोहोल होताना जवळजवळ अल्कोहोलच्याच वजनाइतका सीओटू सुटतो. १२.५ टक्के अल्कोहोलच्या एक लाख लिटर वाइनमागे सुमारे साडेनऊ टन. वर्षभराच्या मेहनतीला अर्धा टँकर! तोही जानेवारी ते मार्च-एप्रिल या गाळपाच्या दिवसांत आणि वेगवेगळ्या टाक्यांतून थोडा थोडा. वायनरीची फेरी छान होते, आम्हीही आनंदाने केली, पण आराखडा त्यावर उभा राहत नाही.

डिस्टिलरीचं गणित वेगळं. दिवसाला ३०,००० लिटर अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीत कागदावर २२ टनांच्या आसपास वायू निघतो. प्रत्यक्षात त्याहून कमी हाती येतो, कारण टाकी सुरू होताना सुरुवातीचा वायू हवेत मिसळलेला असतो आणि जुन्या टाक्या उघड्या असतात. ऊसगाळप संपलं तरी मळी साठवून ठेवता येते, त्यामुळे डिस्टिलरी जास्त महिने चालते. विचारायचे प्रश्न तीन: टाक्या बंद आहेत का, वर्षात किती दिवस चालते, आणि सध्या वायूचं काय करता. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "सोडून देतो" असं येतं. आधीच पकडून विकत असतील तर नमस्कार करून पुढे जा. तिथे नवीन उत्सर्जन काही वाचत नाही.

आंबवणीच्या वायूत अल्कोहोलचा अंश, ॲसिटाल्डिहाइड आणि गंधकाची संयुगं येतात. पाण्याने धुणं, सक्रिय कोळशातून नेणं, वाळवणं आणि मग थंड करून द्रवरूप करणं, असा क्रम असतो. द्रवरूप वायू साधारण २० बार दाबाला आणि उणे २० अंशांना साठवतात.

बॉयलरच्या धुरातून पकडायचं म्हटलं की अमाइनचं द्रावण येतं. ते वायू शोषतं, मग तापवून तो सोडवावा लागतो. या तापवण्यातच गोम आहे. साध्या अमाइनला टनामागे ३.५ गिगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे सुमारे दीड टन वाफ. आम्हाला आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये वाफेचा खर्चच नव्हता. विचारल्यावर उत्तर आलं, "वाफ तर तुमच्याकडे असतेच ना!" ती वाफ कोळशावर केली तर एक टन पकडायला चारशे किलोच्या आसपास नवा सीओटू तयार होतो. त्यात कोळशाच्या धुरातलं सल्फर डायऑक्साइड अमाइन खराब करतं, म्हणून धूर आधी धुवावा लागतो. फुकट जाणारी उष्णता जवळ असेल तरच या वाटेला जा.

४. कागद गोळा करा

प्रत्येक युनिटकडून हे मागा:

- १२ महिन्यांची इंधनाची बिलं (कोळसा, ब्रिकेट म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या जळाऊ विटा, डिझेल, एलपीजी, पाइपचा गॅस) आणि वीजबिलं
- बॉयलरचं लॉगबुक
- प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत आणि धुराड्याच्या तपासणीचे अहवाल
- दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५
- सीओटू विकत घेत असतील तर वर्षभराची बिलं
- निर्यात असेल तर मालाचे एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्काचे वर्गीकरण क्रमांक

एक युक्ती. "तुमचं उत्सर्जन किती?" असं विचारलं की मालक गप्प होतो, त्याला नोटिशीचा वास येतो. इंधनाचं बिल मागा, ते मिळतं. मग हिशोब तुमचा तुम्ही करा: डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो, एलपीजीला किलोमागे सुमारे ३ किलो, ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो. ब्रिकेट आणि बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) सीओटू वेगळ्या रकान्यात लिहा, तो जैविक धरतात.

५. जोड्या लावा आणि उलटा ताळेबंद मांडा

एका बाजूला स्रोत, दुसऱ्या बाजूला घेणारे. प्रमाण, दर्जा, महिने आणि अंतर हे चारही जुळले तरच जोडी. पाइपलाइनचं स्वप्न बघू नका, या प्रमाणाला टँकरच परवडतो.

प्रत्येक जोडीसाठी एकच प्रश्न: एक टन वापरायला किती नवा सीओटू तयार होतो? डिस्टिलरीचा वायू द्रवरूप करायला टनामागे साधारण १५० ते २०० युनिट वीज धरली तर १०० ते १४० किलो होतात. टँकरच्या ६० किलोमीटरच्या फेरीला पंधरा-वीस लिटर डिझेल लागतं, ते १५ टनांवर वाटलं की टनामागे चार किलोही येत नाही. म्हणजे ओरड वाहतुकीची होते, खर्च कॉम्प्रेसरचा असतो.

आता मेथॅनॉल. "सीओटूपासून इंधन बनवू" हे दर बैठकीत निघतं. एक टन मेथॅनॉलला १.३७५ टन सीओटू आणि सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटांहून जास्त वीज लागते. म्हणजे टनाला दहा हजार युनिट. ती ग्रिडवरून घेतली तर सव्वा टनाच्या वर वापरण्यासाठी सात टन सोडायचे. स्वतःची भरपूर सौर किंवा पवन वीज असेल तेव्हा हा विषय पुन्हा काढा.

आणखी एक खोच. वेल्डिंगचा सीओटू आज येतो तोही बहुधा कुठल्यातरी कारखान्याचा उपपदार्थच असतो. तुम्ही दिंडोरीचा वायू दिला म्हणून वेल्डिंगवाल्याचं उत्सर्जन घटलं, असं होत नाही. पुरवठा जवळचा होतो, दर सुधारतो, एवढंच खरं. अहवालात तेवढंच लिहा.

६. परवान्यांची रांग

दाबाखालची साठवण टाकी आणि टँकर पेसोच्या (स्फोटकं आणि दाबाखालचे वायू यांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २०१६ च्या नियमांखाली येतात. सिलिंडरसाठी त्याच वर्षीचे वेगळे नियम आहेत. पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बदल लागेल का, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी लेखी विचारा. वायूच्या दर्जासाठी आयएस ३०७ हे मानक पाहा. खाद्यासाठी विकायचा तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं प्राधिकरण, आलंच. मी एवढंच सांगेन की टाकीची जागा कागदावर नक्की होईपर्यंत एकही अर्ज भरू नका. टाकी दहा फूट सरकली म्हणून आम्हाला सगळे नकाशे पुन्हा काढावे लागले होते.

७. जीव सांभाळा

सीओटू हवेच्या दीडपट जड असतो. तो खड्ड्यात, तळघरात, पंपाच्या चरात साचतो. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, ती इथे पुरत नाही. कंदील विझण्याच्या कितीतरी आधी हा वायू माणसाला पाडतो. ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम, ही पातळी जिवाला तत्काळ धोका मानली जाते. आठ तासांच्या पाळीची मर्यादा ५,००० पीपीएम आहे.

सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे "आमच्याकडे ऑक्सिजनचा मीटर आहे". हवेत ५ टक्के सीओटू मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ टक्क्यांवर येतो. ऑक्सिजनचा अलार्म साधारण १९.५ ला वाजतो. म्हणजे माणूस आडवा झाला तरी मीटर गप्प. सीओटूचाच वेगळा सेन्सर हवा आणि तो छातीच्या उंचीला नाही, गुडघ्याखाली लावायचा. आत कोणी पडलेला दिसला तर श्वसनयंत्राशिवाय त्याला काढायला जाऊ नका. अशा अपघातांत दुसरा मरणारा बऱ्याचदा वाचवायला गेलेला असतो. हे वाक्य आम्ही टाकीशेजारच्या भिंतीवर रंगवून घेतलं आहे.

८. करार आणि दावा

देणाऱ्या-घेणाऱ्यात दर आणि प्रमाण सगळेच लिहितात. दोन गोष्टी राहतात. डिस्टिलरी बंद असताना पुरवठा कोण करणार? फाउंड्रीवाला जुन्या पुरवठादाराशी तोडून बसला आणि इकडे टाकी रिकामी, असं झालं तर पुन्हा तो दारात उभं करणार नाही. जुना पुरवठादार राखीव ठेवायला सांगा.

दुसरं, उत्सर्जन कमी केल्याचा दावा कोणाचा? एकाच टनावर डिस्टिलरी, वाहतूकदार आणि वापरणारा तिघंही हक्क सांगतात. एकाचं नाव करारातच लिहा.

कार्बन क्रेडिटच्या पैशावर आराखडा बेतू नका. २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या देशाच्या कार्बन बाजारात बंधनकारक लक्ष्यं सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मोठ्या उत्पादकांना आहेत, आपल्या लघुउद्योगांना नाहीत. युरोपला बोल्ट-स्क्रू पाठवणाऱ्यांना मात्र १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरच्या कार्बन शुल्काचा खरा टप्पा सुरू झाला आहे. तिथे सोड्याच्या बाटलीत गेलेला वायू उत्सर्जनातून वजा होत नाही. कायमचा बांधला गेलेलाच धरतात. निर्यातदाराला हे आधी सांगा, नाहीतर तो पैसे लावून बसतो आणि नंतर तुम्हाला शोधत येतो.

९. पहिली जोडी लहान ठेवा

एक स्रोत, दोन घेणारे, सहा महिने. स्वतःचा द्रवीकरण प्रकल्प टाकायची घाई नको. सांडपाण्याचा वापर निवडला तर तोही लागत नाही: त्याच आवारातला धूर, एक ब्लोअर, एक धुण्याचा मनोरा आणि पीएच मीटर. आम्ही शेवटी तिथूनच सुरुवात केली. ॲसिडची खरेदी किती घटली, हे स्टोअरच्या वहीत महिन्याला दिसतं आणि मालकाला दुसरा पुरावा लागत नाही.

टँकरने सुरुवात करत असाल तर पहिल्या दिवशी स्वतः हजर राहा. भरलेल्या आणि रिकाम्या टँकरची काटापावती दोन्हीकडे घ्या, देणाऱ्याच्या मीटरवर विसंबू नका. ओलाव्याची चाचणी टाकीत वायू उतरवण्याआधी करा, नंतर नाही. आणि फाउंड्रीत पहिले दहा कोअर फोरमन काकांच्या हातून मोडून बघा.